खोडायचं परमिट

आमच्या सोसायटीत चित्रातली चुकलेली रेघ खोडायची असेल, तर परमिट घ्यावं लागतं. थट्टा करत नाही. माझी गार्गी नऊ वर्षांची आहे, आणि तिच्या कंपासपेटीत पेन्सिलींपेक्षा परमिटच्या चिठ्ठ्याच जास्त सापडतात. काय खोडायचं, का खोडायचं, आणि खाली सही: ह. चुरी.

हरेश्वर चुरी आमच्या वरच्या मजल्यावर राहतात. एकटेच. मूळचे केळव्याजवळच्या एडवणचे. नारळीची वाडी भावांवर सोपवून त्यांनी बोईसरच्या एका केमिकल कारखान्यात, सेफ्टी खात्यात, सगळी नोकरी काढली. तिथे साधा बल्ब बदलायचा तरी आधी परमिट लिहावं लागायचं. कारखाना सुटला, परमिट काही सुटलं नाही. निवृत्त झाल्या झाल्या त्यांनी घरोघरी जाऊन गॅसच्या नळ्या हुंगल्या. मग आग लागली तर कुठून पळायचं, याचा नकाशा टॅबलेटवर काढला आणि तो इतका झकास रंगवला, की गेटजवळ झोपणारं कुत्रंसुद्धा ओळखू येत होतं. तो बघायला मुलं जमली, ती परत गेलीच नाहीत.

लॉकडाऊनमधल्या शाळेसाठी घेतलेले टॅबलेट घरोघर धूळ खात पडलेच होते. ते घेऊन तळमजल्यावरच्या सोसायटीच्या खोलीत वर्ग सुरू झाला.

वर्ग कसला, शिफ्टच ती. चपला दाराबाहेर ओळीत, टोकं गेटकडे, म्हणजे पळताना खोळंबा नको. हात कोरडे आहेत का, ते काका स्वतः तपासणार. मग लेयरचा, म्हणजे चित्रातल्या एकावर एक थरांचा, धडा.

"ही बिल्डिंग हाय असं समज, पोरी. तळमजल्यावर आभाळ. पयल्या मजल्यावर समुद्र नि किनारा. होडी दुसऱ्या मजल्यावर. एका मजल्यावर काम चालू हाय, तर बाकीच्यांना कुलूप. नायतर होडी रंगवायला जाशील नि आभाळ खरवडून येशील!"

कुलूप लावलं की टॅबलेटला लाल पुठ्ठा अडकवायचा: 'माणसं काम करत आहेत'. मग त्या टॅबलेटला आईनेही हात लावायचा नाही. मी एकदा लावला. गार्गीने माझ्यावर लेखी तक्रार केली.

पण खरी गंमत खोडण्याची. टॅबलेटवर खोडणं म्हणजे बोटाची एक टिचकी. पोरं काढतात कमी आणि पुसतात जास्त. काकांना हे सहन होईना, म्हणून परमिट.

"अंकल, परमिट दो ना, नाक टेढ़ी हो गई," पिंकी म्हणायची. तिचे वडील कारखान्यात वेल्डर आहेत, त्यामुळे तिला यात काहीच वावगं वाटत नाही.

"कशाने झाली टेढी? ते लिव पयलं."

"मच्छर काटा."

काका गंभीरपणे सही करायचे. पण चिठ्ठी लिहून होईपर्यंत निम्म्या पोरांना ते वाकडं नाकच आवडायला लागायचं.

सगळं सुरळीत चाललं होतं, तेवढ्यात आमचे सेक्रेटरी जाधव यांना त्या खोलीत जिम करायची हुक्की आली. जाधव साताऱ्याकडचे. मन चांगलं, आवाज त्याहून मोठा. "आवो, तयार चित्रात रंग भरत्यात पोरं, त्याला काय शिकणं म्हणायचं?" असं त्यांनी जिन्यातच जाहीर केलं. शेवटी ठरलं, की सर्वसाधारण सभेत एका मुलाने सगळ्यांसमोर कोऱ्या पडद्यावर चित्र काढून दाखवायचं. जमलं तर वर्ग, नाही जमलं तर जिम.

चिठ्ठ्या टाकल्या. नाव निघालं गार्गीचं. त्या दिवशी मी तिच्या टॅबलेटचं चार्जिंग तीनदा तपासलं.

सभेला ही गर्दी! पाण्याच्या टाकीच्या प्रश्नालाही एवढी माणसं येत नाहीत. गार्गीचा टॅबलेट मोठ्या टीव्हीला जोडला. ती केळव्याचा किनारा काढू लागली. आभाळ आलं, लाट आली, सुरूचं बन आलं, होडी आली. लोक कौतुकाने माना डोलवू लागले. मी जरा सैल बसले. मग तिने समुद्रात निळा रंग ओतायला बोट टेकवलं.

आणि समुद्र किनारा सोडून निघाला. वाळू निळी, रस्ता निळा, सुरूच्या बनाखालची जमीन निळी. आभाळ तेवढं कोरडं राहिलं.

"बुडालं की हो केळवं!" जाधव ओरडले. सभा खो-खो हसली. गार्गीचा चेहरा उतरला. मला वाटलं, आता काका उठतील आणि तिच्या हातातून टॅबलेट घेतील.

काका उठले. हात पाठीमागे बांधले आणि एकच शब्द बोलले.

"गळती."

सभेत बसलेल्या अकराच्या अकरा पोरांनी हात वर केले. कारखान्यात वायू गळल्यावर करतात तशी ही त्यांची रोजची कवायत होती. "घाबरायचं नाय!" पोरं एकसुरात ओरडली. "पळायचं नाय! भोक शोधायचं!" पिंकीने झटकन परमिट लिहिलं. काय खोडायचं, तर पाणी. का, तर गळती. काकांनी चष्मा लावून ते शांतपणे वाचलं, सही केली, आणि तोवर साठ-सत्तर मोठी माणसं श्वास रोखून थांबली. जाधवसुद्धा.

गार्गीने एक टिचकी मारली. पाणी मागे गेलं. तिने चित्र मोठं केलं आणि किनाऱ्याच्या रेघेवरून बोट सरकवत निघाली. सगळी सभा पुढे वाकून तिच्याबरोबर शोधू लागली.

"त्या खडकापाशी बघ गं!" हे ओरडले कोण, तर जाधव.

खरंच, खडकापाशी किनाऱ्याची रेघ केसभर तुटलेली होती. गार्गीने ती जोडली, पुन्हा रंग ओतला, आणि समुद्र शहाण्यासारखा आपल्या जागेवर राहिला. असा टाळ्यांचा कडकडाट मी आमच्या सोसायटीत कधी ऐकला नव्हता. जाधवांनी तिथल्या तिथे खोलीची किल्ली काकांच्या हातात दिली आणि जोशात म्हणाले, "काका, हा टीव्ही बी तुमच्या खोलीत लावू. सगळ्या पोरांची चित्रं तुमाला खुर्चीत बसल्या बसल्या दिसतील."

"टीव्ही नको," काका म्हणाले. "मला समोरून पोरं दिसतात, तेवढं पुष्कळ हाय."

जाधव गोंधळले, पण आनंदात वाद कोण घालणार? माणसं पांगली. मी खुर्च्या आवरायला थांबले होते.

"माझी सुजाता लहानपणी लय चित्रं काढायची," काका किल्लीकडे बघत म्हणाले. "मी पाळीवरून यायचो तवा ती झोपलेली नायतर शाळेत. ताटाशेजारी चित्र ठेवलेलं असायचं. सगळी बघितली मी तिची चित्रं. पण काढताना ती कशी दिसायची, ते मला ठाऊक नाय. आता ती लांब. तिला तरी काय विचारू?" मग एकदम हसले. "तुमची गार्गी रेघ लांब असली का जीभ बाहेर काढते."

मला ते माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी दोन कप चहा घेऊन खाली गेले आणि काकांच्या शेजारी खुर्ची ओढून बसले. समोर सगळ्या माना खाली झुकलेल्या. गार्गीने लांब रेघ ओढायला घेतली, आणि तिची जीभ खरंच बाहेर आली.