चिखलगाडीची मागची सीट

"कालच्यापेक्षा ही सीट बरी आहे, पण कडक," सासूबाई पुटपुटल्या.

शोरूममधल्या जाडजूड चाकांच्या चिखलगाडीवर, मागच्या सीटवर, मांडीत पर्स घेऊन त्या बसल्या होत्या. धाकटी सून शेजारीच उभी होती, आणि तिचे कान तिखट होते.

"कालच्यापेक्षा? काल कुठे बसला होतात तुम्ही?"

"दवाखान्यात. बाकावर."

"काल तर दवाखाना बंद होता."

"म्हणून तर बसावं लागलं," सासूबाई शांतपणे म्हणाल्या.

धाकटीच्या मनात पाल चुकचुकली. पण सासूबाईंना इथे आणणं भागच होतं. या घरात बसायची कुठलीही वस्तू त्यांनी आधी बसून पाहिल्याशिवाय घेतली जात नसे. एकदाच त्यांना न विचारता सोफा आणला होता. तो अजून नको असलेल्या पाहुण्यांसाठी राखून ठेवला आहे.

गाडी मात्र हवीच होती. त्यांच्या रोपवाटिकेकडे येणाऱ्या वाटेवर इतका चिखल झाला होता, की गिऱ्हाइकं मोठ्या रस्त्यावरूनच गुलाबांकडे पाहून उसासा टाकत आणि परत जात. हा हंगाम असाच गेला तर रोपवाटिकेला कुलूपच. वाटेपलीकडे थोरल्या दिरांचं माशांचं तळं होतं. तळ्याचं जादा पाणी वाटेखालच्या पाइपातून इकडच्या रोपांना मिळायचं. तो पाइप वाटेच्या बरोबर मधोमध फुटला, दुरुस्ती कुणी करायची यावरून भांडण झालं, आणि तेव्हापासून दोघे भाऊ एकमेकांशी बोलत नव्हते. घरात कुणी 'पाइप' म्हटलं की नवरा उठून हात धुवायला जाई. धाकटीनंही मग तो शब्द टाकूनच दिला.

"चिखल कितपत आहे?" सेल्समननं विचारलं.

"पोटरी बुडेल इतका," नवरा म्हणाला. "चिकट."

सेल्समननं त्याच्याकडे निरखून पाहिलं. "माशांचा वास येतो?"

"तुम्हाला कसं कळलं?"

"नाही, असंच." त्यानं आवाज खाली आणला. "साहेब, खरं सांगा. समोरच्या दुकानानं पाठवलंय का तुम्हाला? कालच ह्याच चिखलाची चौकशी करून गेलंय एक गिऱ्हाईक."

धाकटीनं सासूबाईंकडे पाहिलं. सासूबाई पर्सची चेन उघडून आत काय आहे ते पाहत होत्या. पर्स रिकामी होती.

"अहो, मला काही हे ठीक दिसत नाही," ती नवऱ्याच्या कानाशी लागली.

"तुला कधी काय ठीक दिसलंय? टायरच्या खाचा बघ केवढ्या खोल आहेत. आणि गाडीचं पोट बघ किती उंच. चिखल टेकणारसुद्धा नाही."

शोरूमच्या मागे गाडी चालवून पाहायला मुद्दाम चिखल केलेला होता. नवरा हँडल धरून बसला, मागे सासूबाई. धाकटी काठावर थांबली. गाडी दणक्यात निघाली, मध्यापर्यंत गेली.

"डावीकडे नको घेऊस रे," सासूबाई ओरडल्या, "तिकडे खड्डा आहे."

नवऱ्यानं डावीकडे घेतली. चाकं फिरत राहिली, गाडी मात्र जागच्या जागी खाली खाली बसत गेली, आणि जे पोट टेकणार नव्हतं ते टेकलं.

"आई, तुम्हाला खड्डा कसा माहीत?" धाकटीनं काठावरून विचारलं.

"वयानं कळतं."

"ताई, घाबरू नका," सेल्समन म्हणाला. "कालचं गिऱ्हाईक गाडी न्यायला आलंय. दोर ओढायची मोटर त्यांच्याच गाडीला बसवलीय. फक्त ते गाडीला दुसऱ्याचा हात लावू देत नाहीत, स्वतःच येतील."

हेल्मेट घातलेला एक जाडा माणूस नवीकोरी गाडी घेऊन समोर आला. दोर बांधला गेला, मोटर घुंई घुंई करू लागली. रुतलेली गाडी तसूभरही हलली नाही. उलट ओढणारीच घसरत घसरत चिखलात उतरली आणि दोन्ही गाड्या नाकाला नाक लावून थांबल्या.

जाड्या माणसानं वैतागून हेल्मेट काढलं. थोरले दीर होते.

"तू? माझ्या मागावर आलास होय?" थोरले म्हणाले.

"मी का येऊ मागावर? माझी वाट कुणी बुडवली म्हणून मी इथे आलोय?"

"आणि माझी कुणी बुडवली?" मग त्यांची नजर मागच्या सीटवर गेली. "आई? अगं, काल तू माझ्या गाडीवर बसून पसंत केलीस ना?"

"केली ना. बरी आहे. थोडी टोचते."

"आजी, तरीच चेहरा ओळखीचा वाटत होता," सेल्समन म्हणाला. त्याचा जीव भांड्यात पडला.

"आई, तू काल दादाबरोबर इथे आली होतीस? आणि मला बोलली नाहीस?" नवऱ्यानं वळून विचारलं.

"त्यानं सांगितलं, कुणाला बोलू नकोस. तूही सांगितलंस, कुणाला बोलू नकोस. मी नाही बोलले."

एकानं टायरकडे पाहिलं, दुसऱ्यानं दोराकडे. सासूबाईंनी पर्स काखेत मारली, चपला हातात घेतल्या आणि सावकाश चिखलात उतरल्या. पोटरी बुडाली. त्या तशाच चालत काठाला आल्या, धाकटीचा हात धरून वर चढल्या आणि मागे वळल्या.

"पाइप फुटलाय," त्या म्हणाल्या. "आणि तो दोघांचा आहे."

नवरा हात धुवायला उठला नाही. उठून जायला जागाच नव्हती.