सिग्नल वाढवण्याची घरगुती पद्धत

घरात जे पुरेसं येत नाही ते यंत्राने वाढवून घेता येतं, ही विज्ञानाची मानवजातीवरची थोर कृपा आहे. (झोपेसाठी असं यंत्र अद्याप निघालेलं नाही. लहान मुलांच्या आयांनी चौकशी करू नये.)

सदर घरात दोन गोष्टी पुरेशा येत नव्हत्या. एक, टीव्हीवरचं चित्र; दोन, छोटीचे शब्द. छोटी वीस महिन्यांची. डॉक्टरांनी दिलेल्या तक्त्यात ‘बोलता येणारे शब्द’ असा रकाना होता आणि छोटीच्या आईने त्यात शून्य घातलं होतं. पेन्सिलीने. शनिवारच्या तपासणीपर्यंत खोडायची वेळ येईल, या आशेने. छोटीने किती घास खाल्ले, किती वेळा शिंकली, कोणत्या कुशीवर झोपली, याची नोंद ती रोज ठेवत असे. घाबरायला एवढी आकडेवारी पुरत होती.

डॉक्टर म्हणाले होते, “तिच्याशी बोलत राहा आणि ती काही म्हणाली की लगेच उत्तर द्या.” या उपायाला ना बाटली होती ना वायर, त्यामुळे घरात कोणाचाच त्यावर विश्वास बसला नाही.

“पाच वाजता टीव्हीवर ती बाई मुलांना शब्द शिकवते ना, ते दाखव तिला,” सासूबाई म्हणाल्या. “शेजारची पोर ते बघूनच बोलायला लागली. आता गप्प बसायचं नाव घेत नाही.”

अडचण एवढीच की पाच वाजता बाईंचे चौकोन होत. जुन्या टीव्हीत चित्र बिघडलं तरी मुंग्यांच्या आडून माणूस ओळखू येई. डिजिटल पद्धतीत असली मिळमिळीत तडजोड नाही. चित्र असतं तेव्हा लख्ख असतं, नसतं तेव्हा नसतं, आणि मधल्या काळात बाईंची हनुवटी कपाळावर जाऊन ‘गाय’ म्हणते.

छोटीच्या बाबांनी बूस्टर आणला. बाबा उच्चशिक्षित असल्याने त्यांनी माहितीपत्रक वाचलं नाही. बूस्टरवर हिरवा दिवा लागला. “दिवा लागलाय म्हणजे चालतंय,” असा सासूबाईंनी निर्वाळा दिला. चौकोन होते तिथेच राहिले. यावरून एक बूस्टर कमी पडतो हे सिद्ध झालं आणि त्याच्यापुढे दुसरा जोडण्यात आला. आता पडद्यावर ‘सिग्नल नाही’ अशी अक्षरं आली. (अक्षरं मात्र अत्यंत सुस्पष्ट होती.)

मग रीतसर कार्यपद्धती ठरली. बाबा गच्चीवर अँटेनापाशी. सासूबाई जिन्यात, निरोप पोचवण्यासाठी. छोटीला कडेवर घेऊन आई टीव्हीसमोर.

“आलं का?” गच्चीवरून.

“आलं का गं?” जिन्यातून.

“गेलं!” खोलीतून.

“गेलं रे!” पुन्हा जिन्यातून.

हा व्यवहार चार संध्याकाळी चालला. आईच्या नोंदीनुसार ‘आलं का’ एकशे त्रेचाळीस वेळा, ‘गेलं’ एकशे एकेचाळीस वेळा. दोन वेळा नक्की काय आलं होतं यावर घरात एकमत नाही.

शुक्रवारी, तपासणीच्या आदल्या दिवशी, अँटेनावाल्याला बोलावलं. त्याने दोन्ही बूस्टर बघितले आणि वडीलधाऱ्याच्या दुःखाने मान हलवली.

“ताई, तुमच्याकडे सिग्नल मुळातच दणदणीत आहे. त्यावर हे दोन म्हणजे टीव्हीच्या कानाशी भोंगा. आणि हा चांगलंच तेवढं वाढवत नाही हो. खरखर आली तर तीही वाढवतो.” त्याने दोन्ही काढले आणि भिंतीतली सैल पिन काढून पुन्हा दाबून बसवली. चित्र आलं. एकूण वेळ, दीड मिनिट.

“बाकी पोरगी गोड बोलते हं तुमची.”

“नाही हो,” आईचा आवाज खाली गेला. “तेच तर. ती बोलतच नाही.”

“मग मी पिन काढली तेव्हा ‘गेयं’ कोण म्हणालं? आजींनी वर निरोपही दिला की.”

चौकशीअंती असं निष्पन्न झालं की छोटी मंगळवारपासून बोलत होती. ‘आयं ता’ आणि ‘गेयं’. “थांब गं राणी, बघू दे,” हे तिला मिळालेलं उत्तर. सासूबाईंनी तिचे अहवाल विनातक्रार गच्चीवर पाठवले होते आणि बाबांनी त्याबरहुकूम अँटेना फिरवला होता. चार दिवस घराचा कारभार छोटीच बघत होती. आईचं लक्ष नव्हतं असं कोणी म्हणू नये. तिने डोळ्यांची पापणी लवू दिली नव्हती. फक्त डोळे टीव्हीकडे होते.

आईने शून्य खोडलं. रबराने कागदाला भोक पडेपर्यंत खोडलं, शेजारी पेनने दोन लिहिलं आणि पदराने डोळे पुसले.

पाच वाजता बाई आल्या, आता अखंड. छोटीने आईची हनुवटी धरून तोंड आपल्याकडे वळवलं. “आयं ता?”

“शू,” तिघंही एका सुरात म्हणाली. “ऐक ना, ती काय शिकवतेय.”

यावर वाचक म्हणतील, काय ही माणसं! जरूर म्हणावं. फक्त हे वाचता वाचता तुमच्या मागून कोणीतरी दोनदा काहीतरी विचारलं आणि तुम्ही मान वर न करता ‘हं’ म्हणालात. कशाला होकार दिलात, तेवढं विचारून या.