चौऱ्याण्णवाव्या पानावरचा कंदील

आमच्या इंग्रजी विभागात शिकवल्या जाणाऱ्या कादंबरीतल्या कंदिलाने दोन हजार एकच्या फेब्रुवारीत अर्थ बदलून मिळण्यासाठी अर्ज केला. अर्ज रीतसर होता, समास सोडून लिहिलेला. विभागात मी सगळ्यात कनिष्ठ, त्यामुळे पोच मीच दिली.

कादंबरी जुन्या, कर्मठ ख्रिस्ती वसाहतीची. तिथे मोठ्याने हसलं तरी चौकशी बसते. लग्नात नाचली म्हणून टॅबिथा नावाच्या मुलीला गावाबाहेर काढतात. चौऱ्याण्णवाव्या पानावर ती परत येते, आईच्या खिडकीतला कंदील बघते आणि फाटकातूनच माघारी फिरते. कारण कंदील म्हणजे अपराधाची जाणीव. धारपबाई एकतीस वर्षं हेच शिकवत होत्या आणि विद्यापीठ त्याला दहा गुण देत होतं.

फक्त मी बाईंच्या वर्गात होतो त्या वर्षी, शहाऐंशी साली, नोट्समधल्या प्रतीकांच्या यादीचं स्टेन्सिल कापताना ऑफिसातल्या गुरव भाऊसाहेबांकडून एक ओळ सुटली आणि खालच्या ओळीतल्या घंटेचा अर्थ कंदिलाला लागला: आशा. त्या वर्षी टॅबिथा घरात गेली. आम्ही सगळ्यांनी ते वाचलंय. दहा गुण गेले, पण वर्गात एकानेही कुरकुर केली नाही. पुढे शुद्धिपत्रक निघालं आणि ती पुन्हा फाटकातून परतू लागली. ते वर्ष आठवलं की मला अजून भरून येतं.

बाईंनी स्टाफरूममध्ये पुस्तक उघडलं. "काय रे, आत्ता कसलं खूळ हे? महिन्यावर पेपर आलाय. पोरांचं नुकसान करू?"

"बाई, तुम्ही मार्चअखेर निवृत्त होताय," कंदील म्हणाला. "तुमच्यामागे माझा अर्ज कोण वाचणार? एकदा तिला आत येऊ द्या. बाहेर फार गारठा आहे हो."

"मान्य अर्थ असा बदलता येत नाही."

"तीसदा परत पाठवलीत तिला."

बाई चष्मा पुसत बसल्या. मग मला म्हणाल्या, "तुझेही दहा गुण गेले होते ना रे?"

"गेले, बाई. पण ती घरी पोचली होती."

शेवटच्या तासाला मी मागच्या बाकावर जाऊन बसलो. बाई मुलांना म्हणाल्या, "परीक्षेत अपराधच लिहा. आजच्या तासापुरती आशा."

"वहीत काय लिहू, बाई?" पहिल्या बाकावरच्या मुलीने विचारलं.

"काही नको. पेन ठेव खाली."

बाई वाचू लागल्या. टॅबिथा फाटकाशी आली, थांबली, कंदिलाकडे बघत राहिली. मग तिने कडी काढली. अंगण ओलांडून दार वाजवलं. आईने दार उघडलं. पुढची ओळ बाईंना वाचवेना. मग आम्ही सगळ्यांनीच ती मोठ्याने वाचली:

"पाय पूस आणि आत ये. जेवण गार होतंय."