उकंडभाऊंचा मोडका खांब

नवंकोरं घर हौसेनं मोडकं बांधून घेणारा माणूस मी उभ्या वऱ्हाडात एकच पाहिला. आमचे अकोल्याचे शेजारी, उकंडभाऊ.

अमेरिकेत आपसांतली लढाई पेटली, विलायतेला तिथला कापूस मिळेनासा झाला आणि आमच्या काळ्या मातीचं नशीब फळफळलं. ज्याच्या अंगावर धड बंडी नव्हती तो बैलांच्या शिंगांना चांदी मढवू लागला. उकंडभाऊंनी काय करावं? मायदेशी निघालेल्या एका गोऱ्या कापूसवाल्याच्या सामानाच्या लिलावातून एक छापील चित्र आणलं. अरबस्तानापलीकडच्या शाम देशातलं जुनं पडकं देऊळ. उंच खांबांची रांग, मधला एक खांब गुडघ्याएवढाच उरलेला, भिंतीवर गवत.

गवंड्याला म्हणाले, "ओसरी अशी पाह्यजे."

"भाऊ, हे तं पडलेलं हाये."

"चित्रात हाये तसं."

पुढं घर होईपर्यंत त्यांच्या तोंडी हेच. भिंतीवर गवत कावून लावता? चित्रात हाये तसं. ते गवत माझ्या बकरीनं खाल्लं, तर कितीतरी दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

मधला खांब खरंच गुडघ्याशी थांबवला. वरची तुळई मेळघाटच्या सागाची, म्हणून वाकली नाही. पण वास्तुशांतीला बोलावलेले भटजी तो पाहून दारातूनच मागं फिरले. भग्न खांबाच्या घरात आपण मंत्र म्हणणार नाही, म्हणाले. आणि वास्तुशांत झाल्याशिवाय दर्यापूरला दिलेल्या लेकीला सासरचे या घरात पाऊल टाकू देईनात. मला राहवलं नाही. तणतणत गेलो.

"उकंडभाऊ, लेकीपेक्षा तो दगड मोठा हाये का? कावून हट्ट करून राहिले?"

त्यांनी चित्र उतरवून माझ्या हाती दिलं. त्या ठेंगण्या खांबावर बोटाच्या पेराएवढी एक बाई बसली होती, बाजूला गाठोडं. इतके दिवस ती मला दिसलीच नव्हती.

"आमची भागी, पोरीची माय, जलमभर लोकाच्या वावरात कापूस वेचत गेली," ते म्हणाले. "भाकर बी उभ्यानंच खाये. कोनाच्या ओट्यावर बसाची सोय नोती. कापसाले भाव आला तवा ते जित्ती नोती. ह्या बाईले बसलेलं पाह्यलं अन् मले वाटलं, आपल्या दारी अशी एक जागा असावी."

माझा राग कुठल्या कुठं गेला. भटजींकडं मीच गेलो. तो खांब नाहीच, बसायचा ओटा आहे, हे त्यांना पटवता पटवता माझा घसा बसला. शेवटी कुरकुरत आले बापडे.

वास्तुशांत झाली. लेक आली, पंगती उठल्या. कापूस वेचणाऱ्या बाया जेवायला आल्या आणि सवयीनं अंगणात उभ्याच राहिल्या. उकंडभाऊंनी धोतराच्या सोग्यानं तो दगड पुसला आणि त्यांतल्या म्हातारीला म्हणाले, "बस व माय. तुह्यासाठीच बांधलं हाये."

ती बिचकत बसली. तिचं जेवण होईस्तोवर उकंडभाऊ समोर उभे होते, आणि सगळ्यांदेखत डोळे पुसत होते.