डॉक्टरांच्या खिशातले खजूर

पंचेचाळिसाव्या वर्षी दातांच्या डॉक्टरांच्या अंगात मॅरेथॉन शिरली. पहाटे पंधरा किलोमीटर धावायचं आणि मग दिवसभर खात सुटायचं. "तू धावतोस म्हणून खातोस, की खाता यावं म्हणून धावतोस?" बायकोने एकदा विचारलं. डॉक्टरांनी तोंडातला उकडलेला बटाटा गिळला आणि दुसरा उचलला.

पंचाईत व्हायची ती दवाखान्यात. दर अर्ध्या तासाला पोटात कावळे ओरडायला लागत. मग पेशंटला 'आ' करायला लावून डॉक्टर पाठ फिरवत, अवजार शोधायच्या मिषाने मास्क खाली करत आणि कोटाच्या खिशातला खजूर तोंडात टाकत. तो गिळला की मास्क वर आणि उपदेश सुरू, "सारखं गोड खाल्लं की दात किडणारच!" आपण लबाड आहोत हे त्यांना कळत होतं, पण उपाशीपोटी प्रामाणिकपणा काही जमत नव्हता.

त्या दिवशी खुर्चीत निवृत्त मुख्याध्यापिका होत्या. त्यांची किडलेली दाढ भरायची होती. गालात कापसाचे बोळे कोंबून डॉक्टर वळले, खजूर चावला आणि कटकन आवाज झाला. बिनबियांच्या पाकिटात नेमकी एक बी निघाली होती. डॉक्टरांच्याच समोरच्या दातावर बसवलेली टोपी निखळली आणि घाबरून त्यांनी खजूर, बी, टोपी असं सगळं एकदम गिळून मास्क वर ओढला.

बाईंनी बोळे काढले. "काय झालं हो?"

"काही नाही. फगळं ठीक आहे. तुम्ही बफून राहा."

बाई ताडकन उठल्या. "अगं बाई, बोलणं अडखळतंय! सिस्टर, धावा, डॉक्टरांना झटका आलाय!"

सिस्टर धावली. मागोमाग बाहेरचे दोन पेशंट घुसले. त्यातल्या बस ड्रायव्हरने डॉक्टरांना उचलून खुर्चीत आडवं केलं. सिस्टर अॅम्ब्युलन्सला फोन लावू लागली.

"फिफ्टर, फोन ठेवा!" डॉक्टर कळवळले.

"बघा, आणखी बिघडलं!" म्हणत बाईंनी त्यांचा मास्क ओढला. समोरच खिंडार दिसलं. बाईंचा स्वर बदलला. "हे कशाने झालं?"

"फफरचंद खाल्लं."

चाळीस वर्षं पोरांचे खिसे तपासलेल्या बाईंनी सरळ कोटात हात घातला. अकरा खजूर निघाले.

डॉक्टरांनी सगळं कबूल केलं. आता दवाखान्याला कुलूप लावून नुसतं धावायचंच उरलं, असं त्यांना वाटलं. पण ड्रायव्हर मान खाली घालून म्हणाला, "डॉक्टर, मीही सांगून टाकतो. स्टिअरिंगजवळ माझा लिमलेटच्या गोळ्यांचा डबा असतो. गोड खाता का विचारलंत की दरवेळी नाही म्हणत आलो."

"मी चहात चार चमचे साखर घेते," दुसरी पेशंट पुटपुटली.

सिस्टरने घसा खाकरला. "तुमचा कोट खुंटीवर असला की मीही दोन-चार खजूर काढते."

"अफं होय! मला वाटलं, माझीच भूक वाढली."

"पुरे!" बाईंनी खजूर रुमालात बांधले. "हे जप्त. चला, माझी दाढ भरा."

डॉक्टरांनी मन लावून दाढ भरली. "दोन ताफ काहीही खायचं नाही."

"फमजलं," बाई गंभीरपणे म्हणाल्या आणि गेल्या.

पाचच मिनिटांनी डॉक्टरांनी सहज खिडकीतून पाहिलं. फाटकापाशी बाई उभ्या होत्या. हातात गाठ सोडलेला रुमाल होता आणि तोंड हलत होतं. डॉक्टरांनी घाईने खिडकी उघडली, पण ओरडणार कोणत्या तोंडाने? त्यांनी ती हळूच लावून घेतली.