उद्यासाहेबांची तातडी

पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात, तक्रारींच्या खिडकीमागे बसणाऱ्या या गृहस्थांना सगळे उद्यासाहेब म्हणत. खिडकीशी आलेल्या माणसाला ‘उद्या या’ यापलीकडे त्यांनी क्वचितच काही सांगितलं असेल. निम्म्या तक्रारी आपोआप मिटतात, असा त्यांचा दांडगा अनुभव होता. (उरलेल्या निम्म्या तक्रारदार कंटाळल्यामुळे मिटत.) अशा माणसाच्या अंगात घरी आल्यावर एवढी वीज कुठून संचारते, हे त्यांच्या बायकोला कळत नव्हतं.

घरात दीड महिन्याची लेक होती. तिने नुसतं ‘अं’ केलं, की उद्यासाहेब हातातला घास टाकून पाळण्याशी हजर. लगेच तिला उचलायचं, थोपटायचं, खुळखुळा वाजवायचा आणि तरीही गप्प बसली नाही तर बायकोला हाका मारायच्या. तोवर लेक टक्क डोळे उघडून घर डोक्यावर घ्यायची. बायको इतकी पेंगुळलेली असायची, की काल तिने धुतलेले कपडे पुन्हा धुतले आणि ओलेच घड्या घालून कपाटात ठेवले.

रविवारी जेवणं झाल्यावर ती अगदी शांतपणे म्हणाली (हा शांतपणाच धोक्याचा), “मी दोन तास झोपणार आहे. मध्ये मला उठवलंत, तर पोरीला घेऊन आईकडे जाईन आणि तिला दात आल्यावरच परत येईन.”

“तू निर्धास्त झोप. मी आहे ना.”

“तुम्ही आहात म्हणूनच सांगतेय.”

लेकीवाचून उद्यासाहेबांना एक संध्याकाळ काढवली नसती, आणि बायकोवाचून तर चहाची पावडरही सापडली नसती. ते पाळण्याशेजारी खुर्ची टाकून डोळ्यांत तेल घालून बसले.

तेवढ्यात दारावर हलकीशी टकटक झाली. वरच्या मजल्यावरच्या काकू होत्या. रस्त्यावरून त्यांच्याकडे येणारा पाण्याचा पाइप दोन महिने गळत होता आणि तक्रार अर्थातच उद्यासाहेबांकडे होती.

“साहेब, माझ्या पाइपचं काही...”

“काकू, उद्या...” एवढं म्हणेपर्यंत पाळण्यातून ‘अं’ आलं. साहेब उडालेच. काकूंनी त्यांची बाही धरली.

“कुठे निघालात?”

“बाळ उठलं!”

“कुठे उठलंय? डोळे बघा तिचे.”

लेकीने तोंड वेंगाडलं, कुंथली, दोन्ही पाय झाडले. डोळे मात्र गच्च मिटलेले होते.

“पहिले काही महिने बाळं अशीच झोपतात,” काकू हळू आवाजात म्हणाल्या. “हसतात, कण्हतात, हातपाय झाडतात, सगळं झोपेतच. जरा थांबून बघायचं. खरंच जागी झाली, भूक लागली, तर रडून सांगेलच की. तुम्ही झोपलेल्या पोरीला उचलून जागं करता, आणि वर झोपत नाही म्हणून तिलाच नावं ठेवता.”

“म्हणजे मी काहीच करायचं नाही?”

“दोन महिने माझ्या पाइपचं जे करताय, तेच करायचं.”

काकू गेल्या. साहेब स्वतःच्या हातांवर बसले. लेक पुन्हा कुंथली. ‘उद्या, बाळा, उद्या,’ ते मनात म्हणाले. तिने एक सुस्कारा सोडला, ओठ दोनदा चोखल्यासारखे केले आणि ती गाढ झोपली. साहेबांचा ऊर भरून आला. इतकी वर्षं ऑफिसात घालवली ती वाया गेली नाहीत, असं त्यांना पहिल्यांदाच वाटलं.

मग आतल्या खोलीत पलंग करकरला. बायको कूस बदलत काहीतरी पुटपुटली.

दुसऱ्याच क्षणी साहेब तिच्या उशाशी होते. “काय गं? काय हवंय? पाणी आणू? बाळ झोपलंय हं, तू अजिबात काळजी करू नकोस.”

बायकोने डोळे उघडले. घड्याळ पाहिलं. दोन तास सोडाच, अर्धा तासही झाला नव्हता. साहेबांची नजर कपाटावरच्या बॅगेकडे गेली.

“आईकडे जाणार नाहीस ना?” त्यांनी चाचरत विचारलं.

“नाही. जागचं हलायचंही त्राण नाही मला. तुम्हीच ऑफिसला जा.”

“अगं, आज रविवार आहे.”

“असू दे,” तोंडावर चादर ओढून घेत ती म्हणाली. “तिथे तुमच्यामुळे कुणाची झोपमोड तरी होत नाही.”