आबांचं पुढच्या वर्षीचं माप

आबा जाधवांना एकच माप ठाऊक आहे: पुढच्या वर्षीचं. गल्लीतल्या पिल्लाला त्यांनी पट्टा आणला, तर पिल्लू त्यातून आरपार निघून गेलं. मी बी.एस्सी. झालो, आमच्या घरातला पहिला पदवीधर, तेव्हा त्यांनी नई सडकेच्या बाजारातून शर्ट आणून दिला. त्यात मी अजून पूर्ण भरलेलो नाही. "वाढत्या अंगाचं घ्यावं, भाऊ," हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

जाधव आजी वारल्यापासून आबा आमच्या खालच्या मजल्यावर एकटेच असतात. यंदा दिवाळीत बऱ्याच काळाने देहरादूनहून त्यांची नात अन्वी आली. हिवाळ्यात ती औलीला बर्फावर स्कीइंग शिकणार होती. बूट आजोबांकडून! तिने माप सांगितलं. ऑनलाइन मागवायचं काम माझं. आबा कानाशी येऊन कुजबुजले, "दोन नंबर मोठे लिही. तीन वर्षं बघायला नको."

मी लिहिले. आबांना नाही म्हणणं मला अजून जमत नाही.

खोकं आलं. अन्वीने बकलं आवळली आणि गुडघे वाकवून पुढे झुकली. बूट जागच्या जागी, पोरगी दिवाणावर!

"आजोबा, एडी हिलती है!"

"कापूस घालू की," आबा म्हणाले.

"आबा, टाच हलली तर उतारावर पायातली स्की वळणार नाही, पाय मुरगळेल," मी एकदाचं बोललो.

आबांनी वाकून तिच्या बुटाची बकलं सोडली. मग म्हणाले, "बदलून घे. आत्ताच."

बदललेले बूट आले. आतलं मऊ अस्तर काढून अन्वीने बुटाच्या नुसत्या कवचात पाय पुढे सरकवला. मागे किती जागा उरते ते बघायला आबांनी स्वतः बोट घातलं. "एकच बोट मावतं रे!" त्यांचा चेहरा उतरला. "म्हणजे पुढच्या थंडीत हे बेकार?"

"हो ना," अन्वी म्हणाली. "मग हर साल माप द्यायला मला यावंच लागेल!"

"हर साल?"

"पक्का."

त्या संध्याकाळी आबांनी आख्ख्या गल्लीत इमरती वाटली.

परवा त्यांच्याकडे गेलो. अन्वीने भिंतीला टाच लावून दिलेल्या मापाची, फरशीवर पेन्सिलीची एक रेघ होती. फक्त यंदाची. कामवाल्या बाई पोछा घेऊन आल्या, तसे आबा खुर्चीतून उठले.

"तिथे नको मारू, बाई. मोजायला येणार आहे ती."